भजनी मंडळाचा अल्बम करताय? प्रोड्यूसरबरोबर काम कसं करायचं ते सांगतो

नाशिक, त्र्यंबक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, या सगळ्या पट्ट्यात गावागणिक भजनी मंडळ आहे आणि आता बऱ्याच मंडळांना वाटतंय की आपला एक नीट अल्बम व्हावा. व्हायलाच पाहिजे. जुन्या चाली येणारी माणसं थकत चाललीत, आणि सप्ताहात कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तर टाळच टाळ ऐकू येतात, गळा कुठेतरी खाली दबलेला. मग कुणीतरी म्हणतं स्टुडिओत जाऊ, ओळखीचा एक प्रोड्यूसर आहे, आणि तिथून पुढे तो अल्बम एकतर मंडळाचा राहतो नाहीतर पूर्ण प्रोड्यूसरचा होतो. तो दोघांचा व्हावा म्हणून काय करायचं ते लिहितोय. मी पेटीवर बसतो आणि मंडळांच्या रेकॉर्डिंगला मध्यस्थ म्हणूनही जातो, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं कानावर असतं.

पहिली गोष्ट, कोण काय करणार ते पहिल्याच दिवशी ठरवा. पैसा घालणारा एक असतो, माइक लावून रेकॉर्ड करणारा रेकॉर्डिस्ट दुसरा, वाद्यांची मांडणी करणारा संयोजक तिसरा, आणि सगळ्याला मिळून एक कान देणारा, हा टेक (म्हणजे एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) चालेल तो नाही चालणार असं सांगणारा प्रोड्यूसर. छोट्या स्टुडिओत ही सगळी कामं एकच माणूस करतो, त्यात वावगं काही नाही, पण मग "तुम्ही फक्त रेकॉर्ड करून देणार आहात की चालीत, लयीत, वाद्यांत बदल सुचवणार आहात?" हे तोंडावर विचारा. मंडळाकडूनही एकच माणूस बोलेल असं ठरवा, बुवा असतील तर बुवा, नाहीतर ज्याचं सगळे ऐकतात असा कुणी. बारा टाळकरी बारा सूचना देतात तेव्हा प्रोड्यूसर शेवटी कुणाचंच ऐकत नाही, आणि त्याला तरी दोष कसा द्यायचा.

स्टुडिओच्या आधी त्याला भजनात बसवा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्टुडिओ बघायला जाण्याआधी प्रोड्यूसरला तुमच्या एकादशीच्या भजनाला बोलवा, टाळकऱ्यांच्या मधे मांडीला मांडी लावून बसवा आणि पूर्ण भजन ऐकू द्या, रूपाच्या अभंगापासून गौळण, भैरवी सगळं. येत नाही म्हणाला तर दुसरा बघा. मी हे स्पष्टच सांगतो, कारण ज्याने भजनात लय कशी चढते ते अंगावर घेतलं नाही तो स्टुडिओत पहिलं काम काय करणार, तर हेडफोनमध्ये क्लिक लावणार.

क्लिक म्हणजे तो टिक-टिक ठोका, त्याच्यावर सगळ्यांनी गायचं. सिनेमाच्या गाण्याला ते लागतं, कारण तिथे वाद्यं एकेक करून वेगवेगळ्या दिवशी वाजतात. आपल्याकडे अभंग सावकाश उचलला जातो, बुवा एक ओळ म्हणतात, टाळकरी ध्रुवपद धरतात, दुसऱ्या कडव्यापर्यंत लय थोडी पुढे सरकलेली असते, मग पखवाजवाला लग्गी (जलद बोल) लावतो आणि गजरापर्यंत ठेका जवळजवळ दुप्पट होतो. ही चूक नाहीये, भजन असंच असतं. एकाच लयीत बांधलं तर सूर बरोबर, ताल बरोबर, आणि तरी ऐकताना कुणाची मान हलत नाही.

म्हणून हे आधी बोलून घ्या. तुमच्या एखाद्या चांगल्या रंगलेल्या भजनाचं मोबाइल रेकॉर्डिंग घ्या, फोनमधल्या मेट्रोनोमच्या (लय मोजणाऱ्या) ॲपवर सुरुवातीची लय मोजा, गजराची मोजा, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून प्रोड्यूसरला द्या. क्लिक फक्त उचल करताना चार मात्रा ऐकवा आणि बंद करा, एवढी तडजोड चालते. त्याने सुरुवातीची लय प्रत्येक टेकला सारखी मिळते, नंतर दोन टेक जोडायचे असतील तर प्रोड्यूसरला सोपं जातं, आणि पुढे लय मोकळी राहते.

नमुना म्हणून काहीतरी ऐकवावं लागतं, प्रोड्यूसर लोक त्याला रेफरन्स म्हणतात. इथे मी एक वेगळीच गोष्ट सुचवतो, अमेरिकेतलं ब्लूग्रास ऐकवा. केंटकी राज्यातला बिल मन्रो, त्याचा ब्लू ग्रास बॉइज हा बँड १९३९ पासून नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात वाजवायचा, १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत त्याच्यात आला आणि या संगीताला आज जे रूप आहे ते तेव्हा पक्कं झालं. मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार आणि मोठा उभा बेस, बस. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो, मँडोलिनवाला तारा दाबून झटका मारतो त्या चॉपवर ठेका उभा राहतो. आणि जुन्या पद्धतीत सगळे एका माइकभोवती उभे राहायचे, ज्याची पाळी तो पुढे सरकायचा, वाजवून झालं की मागे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं काम मशीनवर नाही तर पायावर. आपल्या भजनातही बुवा पुढे, टाळकरी दोन्ही बाजूंना अर्धगोलात. भाषा, धर्म, वाद्य सगळं वेगळं, पण रेकॉर्डिंगचा प्रश्न तोच, की एकत्र बसून गाणाऱ्यांना एकत्रच कसं पकडायचं. बाहेर शिकलेल्या साउंड इंजिनिअरला ब्लूग्रास माहीत असतं, वारकरी भजन माहीत नसतं, मग त्याच्या ओळखीच्या वाटेने त्याला आपल्याकडे आणायचं.

तारखा कधीच्या घ्यायच्या

प्रोड्यूसर विचारेल कधी येताय, तर पटकन तारीख देऊ नका, मंडळाचं वर्ष आधी समोर मांडा. ज्येष्ठात निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते तेव्हा निम्मं मंडळ वारीत, आल्यावर महिनाभर गळे बसलेले. गणपतीच्या आधीपासून गंगेकाठी, गंगापूर रोडला ढोल पथकांची संध्याकाळची प्रॅक्टिस, आणि नाशिक ढोल भिंतीतून आत येतो हो, स्टुडिओवाला काहीही म्हणो. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिंडोरी-निफाडकडची मंडळी द्राक्षाच्या छाटणीत. आळंदीची कार्तिकी वारी उरकली की मार्गशीर्ष, तो सगळ्यात बरा, पण तिथे उन्हाळ कांद्याच्या लागणीशी गाठ पडते, म्हणून शेतकरी मंडळ असेल तर सलग दिवस घेण्यापेक्षा एक शनिवार-रविवार आणि मधे आठवडा सोडून परत एक शनिवार-रविवार असं घ्या. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला यात्रा असते, त्याच्या आत रेकॉर्डिंग आटोपलं तर मिक्सिंगला (सगळे आवाज एकत्र जुळवायला) आणि मास्टरिंगला (शेवटचा हात फिरवायला) निवांत वेळ मिळतो आणि ज्येष्ठात पालखी निघताना अल्बम बाहेर काढता येतो. यात्रेलाच काढायचा हट्ट धरला तर शेवटचं काम घाईत होतं आणि ते ऐकू येतं.

सूर आणि पेटी

माझा विषय आहे म्हणून जरा सविस्तर. मंडळाची जुनी पेटी कधीच अगदी प्रमाण सुरात नसते. वर्षानुवर्षं वाजून, सप्ताहाच्या मांडवात धूळ-ऊन खाऊन तिचे सूर थोडे चढलेले किंवा उतरलेले असतात. मंडळात त्याने काही बिघडत नाही, सगळे पेटीलाच मिळवून गातात, पखवाजाची शाईपण तिलाच लावलेली असते. पण स्टुडिओत नंतर कुणी बासरी, व्हायोलिन किंवा कीबोर्ड वाजवला की तो पडतो प्रमाण सुरात आणि दोन्ही मिळून कानाला टोचतं, मग प्रोड्यूसर म्हणतो गायकाचा सूर हललाय, ऑटोट्यून करू, म्हणजे मशीनने सूर सरळ करू. गायकाचा काही दोष नसतो. फोनवर ट्यूनर ॲप लावून तुमची काळी एक किंवा काळी दोन, ज्या पट्टीत बुवा गातात ती, खरंच किती सेंटने (सेंट हे सुरातला बारीक फरक मोजायचं माप) वर-खाली आहे बघा आणि प्रोड्यूसरला आधी कळवा. पेटी चांगल्या कारागिराकडून महिनाभर आधी सुरात लावून घ्या, किंवा नंतर वाजणाऱ्या कीबोर्डची मास्टर ट्यूनिंग पेटीप्रमाणे सरकवायला सांगा, ते एका मिनिटाचं काम आहे. तानपुऱ्याचं मशीन वापरणार असाल तर तेही पेटीलाच मिळवा.

ऑटोट्यूनबद्दल माझं मत पक्कं आहे. बुवांच्या गळ्यातली मींड, कंप, सुरावर खालून चढून येणं, हे मशीनला चूक वाटतं आणि ते सरळ करून टाकतं. एखादा शब्द खरंच निसटला असेल तर ती ओळ दुसऱ्या टेकमधून घ्या, म्हणजे माणसाचीच ओळ माणसाच्याच ओळीच्या जागी येईल. हे कागदावर लिहून घ्या, "मुख्य गायकाच्या आवाजावर सूर दुरुस्ती विचारल्याशिवाय करायची नाही."

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा दिवस

खोली बघताना मधोमध उभं राहून एक टाळ वाजवा. झणकार बराच वेळ घुमत राहिला किंवा भिंतीवरून फट्कन परत आला तर बारा टाळ तिथे सहन होणार नाहीत. नाशिकमध्ये बरेच छोटे स्टुडिओ एका गायकाच्या मापाचे आहेत, काचेच्या बूथमध्ये एक माणूस मावतो, अशा ठिकाणी मंडळ तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड होतं आणि समोरासमोर बघून गाण्याची सवय असलेली माणसं गोंधळतात. त्यापेक्षा एखादा शांत सभामंडप, लाकडी माळ्याचा जुना वाडा किंवा शाळेचा हॉल चालतो, तिथे सतरंज्या अंथरा, भिंतींना गोधड्या टांगा, पंखे बंद, इन्व्हर्टरची घरघर तपासा, देवळात असाल तर आरतीची वेळ आणि घंटा वाजवणाऱ्यांचा बंदोबस्त. प्रोड्यूसर त्याची मशिनरी घेऊन यायला तयार आहे का विचारा, बरेच जण येतात.

टाळ ही रेकॉर्डिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट. त्यांचा टोकदार आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरतो, गायकाच्या माइकमध्ये तर पहिला. मी बघितलेला सगळ्यात चांगला रेकॉर्डिस्ट काहीही मशीन न लावता आधी माणसं हलवायचा. टाळकऱ्यांना दोन पावलं मागे घेतलं, मग प्रत्येकाच्या हाताला हात लावून टाळांची कड माइककडे येईल आणि तोंड एकमेकांकडे राहील असं फिरवलं, दोन जणांना जड टाळ ठेवू दिले, बाकीच्यांना हलके दिले, आणि मग परत एकदा ध्रुवपद म्हणायला सांगितलं. गळा एकदम पुढे आला. माइक तेच, खोली तीच. माइक लावताना एक जुना नियम आहे, माइक माणसापासून जितका लांब त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवायचं, म्हणजे एकाच आवाजाची दोन माइकमध्ये गिचमिड होत नाही. माइक कमी लावले तर भजन जास्त खरं येतं असा माझा अनुभव आहे, बुवांना एक, पखवाजाला एक किंवा दोन, पेटीला एक आणि पूर्ण मंडळावर वरून दोन.

पखवाजवाल्याला वेळ द्या. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाला, लावलेली कणीक एसीच्या हवेत भराभर सुकते आणि खर्ज उडून जातो, म्हणून ओली कणीक झाकून जवळ ठेवा, दर दोन टेकनंतर त्याला बोट ओलं करून हात फिरवू द्या आणि शाईचा सूर परत पेटीला लावून घेऊ द्या. एसी सुरू-बंद केला की कातडं ताणतं किंवा सैल पडतं, तेव्हा सकाळीच काय ते एक तापमान ठरवा आणि दिवसभर तेच ठेवा. प्रोड्यूसर घाई करत असेल तर मंडळाच्या माणसाने तिथे बोलायचं.

टेक नेहमी पूर्ण घ्या, उचलीपासून गजरापर्यंत. मधे एखादा चुकला तरी थांबू नका. एका अभंगाचे तीन पूर्ण टेक झाले की सहसा चौथ्यात मजा नसते, जमलं नाही तर तो अभंग बाजूला ठेवून दुसरा घ्या आणि जेवणानंतर परत या. उंच पट्टीचे अभंग सकाळी गळा तापल्यावर, जोरातले गजर अगदी शेवटी, कारण एकदा गजर झाला की कोरसचा आवाज बसलाच. एका जणाला वही घेऊन बसवा, टेकचा नंबर, कुठे काय झालं, बुवांना कुठला आवडला. आणि टेक निवडताना मात्र प्रोड्यूसरचं ऐका. गाणारा स्वतःची चूक ऐकतो, बाहेरचा माणूस पूर्ण अभंग ऐकतो. बुवा म्हणतात "माझा तिसऱ्या ओळीत श्वास तुटला" आणि प्रोड्यूसर म्हणतो "पण याच टेकमध्ये सगळे एका जीवाने गायलेत", तर बहुतेक वेळा प्रोड्यूसर बरोबर असतो. यासाठीच तर त्याला घेतलाय.

मिक्सिंग

पहिलं मिक्स आलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. वेव्ह फाइल मागवा, आधी ठरलेल्या दोघा-तिघांनी हेडफोनवर, गाडीत आणि साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, दुसऱ्या दिवशी परत ऐका आणि मग एकत्र बसून एकच यादी करा. "मजा येत नाहीये" याने त्याला काही कळत नाही. "दुसऱ्या कडव्यात, २ मिनिटं १० सेकंदाला पेटी गळ्यावर चढते" याने कळतं. साधारण दोन-तीन फेऱ्यांत काम संपतं, किती फेऱ्या पैशात धरल्यात ते आधी विचारून ठेवा.

भक्तिसंगीत म्हटलं की बरेच जण भरपूर घुमारा टाकतात, मागे कीबोर्डचे लांब सूर, मधेच बासरीचा तुकडा. एखाद्या गवळणीला बासरी शोभतेही, पण प्रत्येक अभंगाला तोच गुळगुळीत मुलामा दिला की तुमचं मंडळ आणि शेजारच्या गावचं मंडळ यात फरक राहत नाही. आधी सांगून ठेवा की जे वाद्य सप्ताहात नसतं ते अल्बममध्ये विचारल्याशिवाय नको. मास्टरिंगलाही आवाज फार दाबून मोठा करू नका, स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतात, म्हणजे मोठा केलेला आवाज तिथे परत खाली येतो आणि सावकाश उचल ते गजर हा जो चढ आहे तेवढा वाया जातो.

कागदपत्रं, ओळखीचा माणूस असला तरी

हे लोक टाळतात, "आपलाच माणूस आहे" म्हणून. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो, आणि हक्क पहिल्यांदा त्याच्याकडे जातो. स्टुडिओत कुणाला प्रोड्यूसर म्हणतात त्याच्याशी याचा संबंध नाही. तेव्हा मंडळ पैसे देतंय, मंडळ जबाबदारी घेतंय, रेकॉर्डिंगचा मालक मंडळ, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. उलट प्रोड्यूसरच पैसे घालत असेल तर तुम्ही काय देताय ते नीट वाचा, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी. हक्क दिल्याचा करार लेखीच लागतो, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

संतांच्या अभंगांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो संपतो. पण चालीचं तसं नाही. मंडळात पिढीजात म्हणून गायली जाणारी एखादी चाल मुळात एखाद्या संगीतकाराने रेकॉर्डसाठी बांधलेली असू शकते आणि तिच्यावर हक्क अजून चालू असतो. प्रत्येक अभंगापुढे चाल कुठून आली ते लिहा, जिथे शंका येते ती चाल बदला किंवा परवानगी घ्या, प्रोड्यूसरच्या भरवशावर सोडू नका.

पैसे तीन भागांत द्या, थोडे आगाऊ, थोडे रेकॉर्डिंग संपल्यावर, राहिलेले सगळ्या फाइली हातात आल्यावर. सगळ्या म्हणजे २४ बिटच्या मास्टर वेव्ह फाइली, प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक आणि न कापलेले सगळे टेक, तुमच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी कॉपी दुसऱ्याच्या घरी. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, तो डिस्ट्रिब्युटर (गाणी ऑनलाइन चढवून देणारा) देतो, तो वहीत उतरवून ठेवा. आणि अपलोड करण्याआधी नावांची यादी बुवांच्या समोर बसून वाचून घ्या, विणेकऱ्यापासून शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत, गावाच्या नावासकट, इंग्रजी स्पेलिंगसकट, कारण एकदा चढलेलं नाव दुरुस्त व्हायला आठवडे जातात.